बाहेरचा ठेका

ऋतुजानं स्टेजच्या बाजूला मांडलेल्या मोठ्या ड्रमच्या पोटात जुनी गोधडी कोंबली, हातानं चेपली आणि वरून एक थाप मारून पाहिली. आवाज घुमला नाही, छातीत बसावा तसा बसला. ती समाधानानं मागे सरली आणि तेवढ्यात तसाच आवाज पुन्हा आला. या वेळी थाप तिनं मारली नव्हती.

हॉलचं लोखंडी शटर थरथरलं.

स्टेजवर ‘उत्तरपत्रिका’ नावाच्या बँडचा गायक माइक दोन्ही हातांनी धरून, डोळे मिटून, कोणीतरी न पाठवलेल्या निरोपाबद्दल गात होता. आवाज नाजूक, गाणं त्याहून नाजूक. बाहेरून दुसरी थाप आली, तिसरी आली, मग ताशा कडाडला आणि त्याच्यावर कॅसिओची धून चढली. गायकानं डोळे उघडले. ओठ हलत राहिले, पण काय हलताहेत ते पहिल्या रांगेलाही कळेना.

“आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास,” अभिजीत कपाळावर हात मारून म्हणाला. “समोरच्या लॉनवर लग्न आहे हे मामानं सांगितलंच नाही बे!”

हुडकेश्वर रोडवरचा हा हॉल अभिजीतच्या मामाचा. अजून रंगाचा वास गेला नव्हता, छताला पंखे लागायचे होते, आणि म्हणूनच तो या पोरांना मिळाला होता. असं संगीत वाजवायला शहरात त्यांना कोणी जागा देत नसे. पंक म्हणजे चिडून, इमो म्हणजे रडून आणि मेटल म्हणजे दातओठ खाऊन गायचं, असं अभिजीतनं मामाला समजावलं होतं. मामानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “दहाच्या आत काय रडाचं ते रडून घ्या.”

संध्याकाळ सुरू तर झोकात झाली होती. कामठीहून आलेल्या ‘धोटा’ या बँडच्या तीन पोरांनी पहिल्याच गाण्यात हॉल पेटवला होता. लहानपणापासून पॉवरलूमच्या खडखडाटात बोलायची सवय, त्यामुळे त्यांना माइक हा नुसता शोभेचा होता. काळे टी-शर्ट घातलेली पोरंपोरी एकमेकांच्या खांद्यावर चढली, डिसेंबरची थंडी बाहेरच राहिली, कमरेला बांधलेली स्वेटरं पायाखाली गेली. आणि आता हीच पोरं बाजूच्या दारातून माना बाहेर काढून वरात पाहत होती. काही तर निघूनही गेली होती.

नागपुरात धुमाल काय असतं हे कोणाला सांगावं लागत नाही. ट्रकवर स्पीकरची भिंत, रंगीत दिव्यांच्या माळा, ढोल, ताशे, कॅसिओ, आणि पुढे नाचणारे पाहुणे. ते रस्त्यानं जाताना घराघरांतली भांडी वाजतात. आणि वरात एकदा मांडवाच्या दारात आली की तासभर हलत नाही, हेही सगळ्यांना ठाऊक असतं.

ऋतुजा ड्रमसेटच्या मागे उकिडवी बसून राहिली. ताशा वळण घेताना अगदी किंचित थबकत होता, बोलता बोलता माणसानं श्वास घ्यावा तसा, आणि मग दुप्पट जोरानं पडत होता. जिन्यावरची पावलं ऐकून घरचं माणूस ओळखावं, तसा तिनं तो हात ओळखला.

‘उत्तरपत्रिका’ची पोरं गाणं अर्ध्यावर सोडून खाली उतरली. त्यांचा गायक खरोखरच रडत होता.

आता पाळी ‘सत्तेचाळीस’ची होती. मे महिन्यात इथला पारा जिथं जातो, तो आकडाच त्यांनी नाव म्हणून घेतला होता. गिटारवर पियूष, बेसवर अभिजीत, गायला वेदिका, ड्रमवर ऋतुजा. घराच्या गच्चीवर आणि बंद गॅरेजमध्ये दोन वर्षं वाजवल्यावर लोकांसमोर वाजवायची ही त्यांची पहिलीच वेळ होती.

“मी बोलून येतो त्यायच्याशी,” पियूष म्हणाला आणि बाजूच्या दारानं बाहेर गेला.

तो परत आला तेव्हा त्याच्या केसांत झेंडूच्या पाकळ्या होत्या आणि चेहरा पडलेला होता.

“काय म्हणे?”

“एक म्हातारे आहेत ताशावर. तेच मुख्य. हात जोडून सांगितलं, काका, आतमध्ये आमचा कार्यक्रम आहे, थोडा वेळ बंद करता का. तर वाजवता वाजवताच बोलले. म्हणे, धुमाल दारापासून दारापर्यंत थांबत नाही, बापू. वर मलेच विचारते, तुमच्यात वाजवते कोण? मी म्हटलं, एक पोरगी आहे. तर म्हणे, मग तिले सांग, बाहेरून आवाज आला म्हणून वाजवणारा हात आवरत नाही.”

“वा! उपदेशही वरून!” अभिजीत भडकला. “धुमालवाले कोणाचं ऐकतात बे कधी? यायले ना सूर, ना ताल, नुसता धिंगाणा.”

ऋतुजा सिंबलचा स्क्रू आवळत होती. तो आवळून झाला तरी तिनं आणखी अर्धा वेढा दिला.

“ते माझे बाबा आहेत,” ती म्हणाली.

बाहेर ताशा वळण घेऊन पुन्हा पडला. अभिजीतनं बेसचा पट्टा उगाचच खांद्यावर सारखा केला.

“सॉरी यार. मले माहीत नव्हतं.”

“माहीत कसं असन? मी सांगितलंच नाही कोणाले.”

“मग फोन कर ना त्यांना,” वेदिका हळूच म्हणाली. “मुलीसाठी थांबतील.”

“वाजवताना ते फोन घेत नाहीत. अन् घेतला तरी मी नाही सांगणार. त्यायचं काम आहे ते. कोणाच्या घरचं लग्न आहे.”

तांडापेठेत ऋतुजाच्या आजोबांचा हातमाग होता. माग बंद पडला तेव्हा तिचे वडील बाबनराव यांनी धोट्याच्या जागी ताशाच्या काड्या हातात घेतल्या आणि आपल्या आडनावानं ‘धकाते धुमाल पार्टी’ उभी केली. ऋतुजा शाळेत असताना सुट्टीच्या दिवशी ट्रकवर त्यांच्या शेजारी बसायची. बाबनरावांची शिकवण्याची रीत साधी होती. चूक झाली की ते रागवत नसत. पुन्हा वाजवून दाखवत. तिला जमेपर्यंत दाखवत. “माह्या हाताकडे नको पाहू वं. लोकायच्या पायाकडे पाहाय. काय वाजवायचं ते पाय सांगते,” एवढंच म्हणत.

मग कॉलेजात कोणीतरी तिचा ट्रकवरचा व्हिडिओ सगळ्यांना पाठवला. खाली हसणाऱ्या इमोजींची रांग लागली. त्यानंतर ती ट्रकवर चढली नाही. बाबनरावांनी कारण विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. घरात भाजीचं बोलणं व्हायचं, गॅस सिलेंडरचं व्हायचं, वाजवण्याचं होत नसे. एकदाच झालं होतं. ‘सत्तेचाळीस’ची तालीम गच्चीवर चालली होती आणि बाबनराव खाली जेवत होते. ती खाली आल्यावर त्यांनी विचारलं, “मधातच काहून थांबता वं तुमी? वाजवणारा थांबला का लोक घरी जाते.”

“तो थांबा गाण्यातच आहे, बाबा.”

“हो का?” म्हणून त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला होता. त्यानंतर ती दार लावून रबरी पाटीवर सराव करू लागली.

ज्या गाण्यात तो थांबा होता, त्याचं नाव ‘बाहेर’. ते वेदिकानं लिहिलं होतं. सगळं गाणं धडधडत, ओरडत शेवटाकडे धावतं आणि एकाएकी सगळी वाद्यं बंद होतात. वेदिका माइक खाली ठेवते आणि समोर बसलेल्या माणसाशी बोलावं तशा आवाजात एक ओळ म्हणते. मग आठ मात्रा काहीच नाही. आणि मग सगळे एकदम कोसळतात. गाण्याचा सगळा जीव त्या आठ मात्रांत होता.

“‘बाहेर’ काढून टाकू,” पियूष आता म्हणाला. “बाकीची चार वाजवू अन् मोकळे होऊ. त्या शांततेत धुमाल घुसलं तर हसं होईल.”

“ते काढणार असाल तर मी घरी जाते,” वेदिका म्हणाली. तिचा आवाज बसका झाला होता. “त्या एका ओळीसाठी आले आहे मी. आई-बाबांना खोटं सांगून आले आहे.”

“नाही काढायचं,” ऋतुजा म्हणाली. “चला वर.”

सगळ्यांनी मिळून ड्रमसेट स्टेजवर चढवला आणि तिनं मागे बसून समोर पाहिलं. अर्धा हॉल रिकामा. दारापाशी गर्दी, तीही पाठमोरी. कामठीची पोरं तेवढी पुढे उभी होती आणि “वाजवा न बे!” म्हणून ओरडत होती. पियूषनं तिला खूण केली. त्यांची ठरलेली पद्धत अशी की ऋतुजाच्या कानात एका छोट्या यंत्राची टिकटिक चालायची आणि तिच्यावर सगळे चालायचे. ऋतुजानं टिकटिक ऐकायचा प्रयत्न केला. ताशानं ती गिळून टाकली होती.

तिनं कानातला इअरफोन काढला आणि मांडीखाली ठेवून दिला.

“ए, काय करून राहिली?” पियूषच्या तोंडचं पाणी पळालं.

ऋतुजा बाहेरचा ठेका ऐकत होती. पाळण्याच्या दोरीवर हात ठेवून झोका ओळखावा, तसा तिनं तो आधी पायात घेतला. मोठ्या ड्रमवर पाय पडला तो थेट बाहेरच्या ढोलावर. पुन्हा पडला. शटरच्या अलीकडचा आणि पलीकडचा आवाज एकमेकांत असा मिसळला की दारातल्या पाठमोऱ्या माना एकदम आत वळल्या.

अभिजीतला आधी कळलं. त्यानं दात विचकून हसत बेसची तार ओढली. पियूष दोन आवर्तनं गोंधळला आणि मग त्यानंही ठेका पकडला. त्यांचं पहिलं गाणं एरवी यापेक्षा संथ चालायचं. या नव्या चालीवर ते शेपूट पेटलेल्या माकडासारखं उड्या मारायला लागलं. वेदिका ओरडली, आणि ते ओरडणं बाहेरच्या ढोलावर स्वार होऊन हॉलभर फिरलं.

लोक परत यायला लागले. आले ते चालत आले नाहीत. कोणी धावत आलं, कोणी नाचतच आलं. दोन गाणी झाली तोवर हॉल भरला आणि तिसऱ्याला तर भरजरी शेरवानीतले दोन पाहुणे हात वर करून मधोमध नाचताना दिसले. ‘उत्तरपत्रिका’चा गायक डोळे पुसून त्यांच्या खांद्यावर हात टाकून उड्या मारत होता. काळे टी-शर्ट, फेटे, घामेजलेली कपाळं, सगळं एक झालं. ऋतुजा त्यांच्या पायांकडे पाहून वाजवत होती. पाय मागत होते ते देत होती.

तिसऱ्या गाण्याच्या मध्यावर तिनं चाल थोडी ओढली. वाटलं म्हणून ओढली. बाहेरचा ठेकाही ओढला गेला. तिला आधी भास वाटला. तिनं छोट्या ड्रमवर एक उलटा तुकडा टाकला, लहानपणी ट्रकवर शिकलेला. क्षणभरानं शटरच्या पलीकडून ताशावर त्याचा जोड तुकडा आला, लखलखीत, एकही दाणा न सांडलेला.

कामठीच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. ऋतुजाला हसू आलं आणि ते तिनं लपवलं नाही. चौथं गाणं कोणी कोणाच्या मागे वाजवलं हे सांगणं कठीण होतं. आतून सवाल जायचा, बाहेरून जबाब यायचा. कधी बाहेरून आधी यायचा. बाहेर घोडीवर बसलेला नवरदेव सेहरा वर करून शटरकडे पाहत होता, असं नंतर लोकांनी सांगितलं.

मग ‘बाहेर’.

ते सुरू झालं. इथवर सगळं पळण्याचं होतं, आणि बापाइतकं पळणं कोणाला जमत नव्हतं. पण पुढे थांबायचं होतं. दारापासून दारापर्यंत न थांबणं हाच ज्याचा धर्म, त्याला शटरच्या आडून थांब म्हणून कसं सांगणार? मनात आलं, शांततेच्या जागी ठेका तसाच चालू ठेवावा. कोणाला कळणार नाही. लोक नाचतच राहतील. तिनं वेदिकाकडे पाहिलं. वेदिका माइकच्या दांड्यावरची बोटं एकेक करून सोडवत होती. ती डोळ्यांनी काही विचारत नव्हती. तिचा भरवसा होता.

गाणं शेवटाकडे धावलं. ऋतुजानं दोन्ही हात डोक्यावर नेले, सगळ्या सिंबलवर एकदम उतरवले, आणि लगेच तळव्यांनी त्या धरून त्यांचा आवाज मारला. पियूष थांबला. अभिजीत थांबला.

बाहेरही थांबलं.

ढोल, ताशा, कॅसिओ, सगळं. एका कात्रीनं कापल्यासारखं. जनरेटरची घरघर तेवढी ऐकू आली, घोडीनं पाय हलवला तशी तिच्या पायातली घुंगरं वाजली, आणि दूर कुठेतरी एका मुलानं पिपाणी फुंकून घाबरून सोडून दिली. हॉलमधला प्रत्येक पाय जिथल्या तिथे होता. एकही माणूस घरी निघाला नव्हता.

वेदिकानं माइक खाली ठेवला.

“दार लावू नका,” ती म्हणाली. “मी अजून बाहेर आहे.”

ते हॉलच्या शेवटच्या भिंतीपर्यंत ऐकू गेलं. दाराबाहेर, रस्त्यापर्यंत गेलं असणार. वरातीतून आत येऊन मागे उभ्या राहिलेल्या दोघीतिघी बायांपैकी एकीनं पदर तोंडाशी नेला.

आठ मात्रा. ऋतुजानं काड्या वर धरल्या. बंद दाराआड रबरी पाटीवर हे गाणं किती वेळा वाजवलं, ते तिलाही सांगता आलं नसतं. दाराच्या दुसऱ्या बाजूला त्या वेळी कोणी बसलेलं असायचं का, हे तिनं कधी उघडून पाहिलं नव्हतं.

तिचे हात खाली आले. आणि नेमक्या त्याच क्षणी, आधी नाही, नंतर नाही, शटरच्या पलीकडून सगळं धुमाल तिच्यासोबत कोसळलं.

त्यापुढचं कोणालाच नीट सांगता येत नाही. कोणी म्हणतं नव्या छताची धूळ पडली. कोणी म्हणतं कामठीच्या पोरांनी शटर वर उचललं, कोणी म्हणतं ते आपणच उघडलं. उघडलं एवढं खरं. रस्त्यावरचे दिवे आत आले, आतली पोरं रस्त्यावर गेली आणि काळ्या टी-शर्टांनी नवरदेवाच्या घोडीभोवती फेर धरला. पियूष गिटार डोक्यावर उचलून ओरडत होता. अभिजीत वेदिकाला मिठी मारत होता, मग पियूषला, मग ओळखही नसलेल्या एका शेरवानीला. “आणखी एक! आणखी एक!” हॉलमधून सुरू झालेला गजर वरातीनंही उचलला.

ऋतुजा काड्या हातात घेऊनच ट्रककडे निघाली. गर्दीनं तिला वाट दिली, कोणी पाठीवर थापा मारल्या. ट्रकशी नवरदेवाचा मामा फळीवर हात आपटत उभा होता.

“अवो बाबनराव, ऐन दारात बंद? अपशकून करता का लेकराच्या लग्नात? काहून थांबवलं?”

बाबनराव ताशावरून वाकले. घामानं त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता.

“काडी पडली, साहेब. हातातून सुटली. वय झालं आता.”

“एकाची काडी पडली तर बाकीचे काहून थांबले?”

“तेच थांबले त् आमी काय करू मालक?” कॅसिओवरचे शालिककाका म्हणाले आणि त्यांनी तोंड पलीकडे फिरवलं. त्यांचे खांदे हलत होते.

मामा आणखी काही बोलणार होता, पण घोडीवरून नवरदेवच ओरडला, “मामा, सोडा ना! तेच पुन्हा वाजवाले सांगा त्यायले!” मामा हात झटकून गर्दीत शिरला.

ऋतुजा फळीला धरून उभी राहिली. बाबनरावांनी तिला खालून वरपर्यंत पाहिलं. तिचे फुगलेले तळवे पाहिले.

“झालं तुमचं?”

“आणखी एक मागून राहिले लोक.”

“मंग इथं काय करून राहिली वं? जाय. लोकायले असं उभं नाही ठेवत.”

ते ताशा पुढे ओढायला वाकले आणि सदऱ्याच्या बाह्या वर सरकल्या. चालत्या ट्रकवर काडी सुटू नये म्हणून ताशावाले ती दोरीनं मनगटाला बांधून ठेवतात. बाबनरावांच्या दोन्ही काड्या दोन्ही मनगटांना बांधलेल्या होत्या. दोऱ्या घामानं भिजून घट्ट बसल्या होत्या. गाठी जशाच्या तशा होत्या.

“बाबा,” ती म्हणाली.

“काय?”

“काही नाही.”

ती वळली आणि हॉलकडे धावत सुटली.